फिनलंडच्या खेड्यात राहायला जाताना: पुओलान्का डोळ्यांसमोर ठेवून पहिल्या वर्षाची तयारी

फिनलंडला येणारा मराठी माणूस बहुतेक वेळा हेलसिंकी, एस्पो, टाम्पेरे नाहीतर ओउलूला उतरतो. तिथे कुठे राहावं, कुठल्या दुकानात तूरडाळ मिळते, याची माहिती नेटवर ढिगाने आहे. पण नर्सिंग आणि वृद्धांची देखभाल या कामांसाठी आता लोक आतल्या गावांतही येतात. कोणी ओउलूच्या कंपनीचं काम घरून करतं आणि स्वस्त घर बघून गावाकडे सरकतं. कोणाच्या जोडीदाराची नोकरी तिथे असते. हा लेख अशांसाठी आहे.

उदाहरण म्हणून काइनू प्रांतातलं पुओलान्का घेतो. फिनलंडमध्ये स्थानिक कारभाराच्या एककाला ‘कुन्ता’ म्हणतात. पुओलान्का कुन्ताचं क्षेत्रफळ सुमारे २,६०० चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या चौपटीहून थोडं जास्त. आणि माणसं? अडीच हजारांहून कमी. तरुण शहरात गेलेले, मागे राहिलेल्यांत म्हातारे जास्त. गावाने मात्र या उतरणीचाच विनोद केला. निराशावाद्यांची संघटना काढली, निराशावादावर संगीत नाटक बसवलं आणि रस्त्यावर पाटी लावली: ‘पुढे पुओलान्का. अजून गाडी वळवता येईल.’ या लोकांची विनोदाची जात अशीच कोरडी आहे. कोणी गंभीर चेहऱ्याने ‘इथे कशाला आलात?’ असं विचारलं, तर तो अपमान समजू नका.

अशा गावाचा एक नियम आधीच ध्यानात घ्या. इथे जवळपास सगळं एकेकच असतं. औषधांचं दुकान एक, आरोग्यकेंद्र एक, किराणाची फार तर एक-दोन दुकानं. ते बंद असेल तर पुढचं शेजारच्या कुन्तात, म्हणजे पाऊण-एक तासाच्या ड्राइव्हवर. त्यामुळे शहरात जे ऐनवेळी जमून जातं, ते इथे आधी ठरवावं लागतं.

कोणतं काम कोणाकडे

नवखे लोक सगळ्यात जास्त इथेच गोंधळतात. ‘कुन्तात राहतो म्हणजे सगळं कुन्ता बघेल’ असं वाटतं, आणि मग कुन्ताच्या कार्यालयातली बाई शांतपणे ‘हे आमच्याकडे नाही’ म्हणून सांगते.

शाळा, बालवाडी, लायब्ररी, नळाचं पाणी, खेळाची मैदानं, प्रकाशाची सोय असलेला स्कीचा मार्ग, बांधकाम परवाना आणि बरेचदा भाड्याची घरं, हे सगळं कुन्ताकडे. १ जानेवारी २०२५ पासून रोजगार सेवाही सरकारकडून कुन्तांकडे आल्या आहेत. लहान कुन्ता त्या एकट्याने चालवत नाहीत, अनेक मिळून एक रोजगार क्षेत्र करतात. स्थलांतरितांना रुळवण्याची जबाबदारीसुद्धा मुख्यतः कुन्ताचीच. आल्यावर आपल्या गरजांची पाहणी आणि रुळण्याचा आराखडा मागून घ्या, भाषेच्या वर्गांची वाट त्यातूनच उघडते.

डॉक्टर, दाताचा दवाखाना, समाजसेवा आणि अग्निशमन दल मात्र २०२३ च्या सुरुवातीपासून कुन्ताकडे राहिलेले नाहीत. ते ‘ह्यूविन्वोइन्तिआलुए’ या प्रांतपातळीच्या संस्थेकडे गेले. नाव लांबलचक आहे, पण पाठ करून ठेवा. पुओलान्काची अशी संस्था काइनूची, तिचं मोठं रुग्णालय कयानी शहरात. राहण्याचा परवाना ‘मिग्री’कडे, लोकसंख्या नोंद ‘डीव्हीव्ही’कडे, कर ‘वेरो’कडे आणि सामाजिक विमा ‘केला’ नावाच्या संस्थेकडे. या चारही सरकारी संस्थांची बहुतेक कामं ऑनलाइन होतात.

भाषेचंही इथेच सांगून टाकतो. पुओलान्का ही फक्त फिनिश भाषेची कुन्ता आहे. सूचना, सभेचे वृत्तांत, बालवाडीचे निरोप, सगळं फिनिशमध्ये. इंग्रजीत उत्तर मिळालं तर ती त्या माणसाची सौजन्यबुद्धी. आपला तो हक्क नाही. दवाखाना आणि समाजसेवेत दुभाषा मिळू शकतो, मात्र अपॉइंटमेंट घेतानाच सांगावं लागतं.

निघण्याआधी

लग्नाचं प्रमाणपत्र आणि मुलांचे जन्मदाखले परदेशात चालावेत म्हणून त्यांवर परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल शिक्का भारतात असतानाच घ्या. दाखला नुसता मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतरही अधिकृत करून आणा. हे कागद नसले तरी तुमची नोंद होते, पण फिनलंडच्या नोंदवहीत तुमचं लग्न चढत नाही. मग पुढच्या प्रत्येक अर्जाला तेच शेपूट लागतं, आणि पुओलान्कातून हा शिक्का मिळवायचा म्हणजे घरच्यांना इकडून तिकडे पळवणं आलं.

नोकरीवर येणाऱ्यांनी करारावर सही करण्याआधी एक गोष्ट शांतपणे बघावी. कामाच्या परवान्यावर असताना नोकरी गेली, तर नवी शोधायला २०२५ च्या जूनपासून साधारण तीन महिनेच मिळतात. तज्ज्ञ वर्गातले आणि दोन वर्षांहून जास्त काळ परवान्यावर असलेले यांना सहा. हेलसिंकीत तीन महिन्यांत दुसरी नोकरी शोधणं अवघड आहे. जिथे तुमच्या कामाचा मालकच एक, तिथे ते गाव सोडल्याशिवाय जवळपास अशक्य. म्हणून प्रोबेशन किती, तास किती पक्के, आजूबाजूच्या कुन्तांत याच कामाच्या जागा आहेत का, हे सगळं आधी विचारा. विचारल्याने इथे कोणाला राग येत नाही.

येण्याचा महिना निवडता येत असेल तर मे ते ऑगस्ट निवडा. नोव्हेंबरात उतरलात तर घर, गाडी, कागद आणि थंडी एकदमच अंगावर येतात, वर अंधार असतो तो वेगळाच.

पहिले पंधरा दिवस: कागदांचा क्रम

क्रम चुकला की महिना जातो. आधी ओळख क्रमांक, मग करकार्ड (पगारातून किती कर कापायचा ते सांगणारा ‘वेरो’चा कागद), मग बँक, आणि बँकेमागून बाकी सगळं.

ओळख क्रमांक काही वेळा परवान्याबरोबरच मिळतो. तरीसुद्धा ‘डीव्हीव्ही’कडे जाऊन कुन्ताचे रहिवासी म्हणून नोंद करावी लागते. ती झाली की तुम्ही कायद्याने गावकरी. पासपोर्ट, परवान्याचं कार्ड, भाडेकरार आणि शिक्का मारलेले दाखले बरोबर न्या.

करकार्ड वेळेत दिलं नाही तर मालकाला पगारातून ६० टक्के कापावेच लागतात. तुमच्यावर डूख धरून तो तसं करत नाही, नियमच तसा आहे. जादा गेलेले पैसे पुढे परत मिळतात, पण पहिल्या महिन्याचं भाडं त्यातून निघत नाही.

सगळ्यात कळीचं काम म्हणजे बँकेचे ऑनलाइन लॉगिन. फिनलंडमध्ये बँकेच्या लॉगिननेच तुमची ओळख पटते. कर, औषधाची चिठ्ठी, शाळेचा अर्ज, वीज करार, पोस्टातलं पार्सल, सगळीकडे तीच किल्ली. खेड्यात हे दुप्पट महत्त्वाचं, कारण जायला कार्यालयच नाही. बँकेची अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो, तेव्हा ती पहिल्याच दिवशी मागा. खातं उघडताना ‘ओळख पटवणाऱ्या लॉगिनसकट हवं’ असं स्पष्ट सांगा. नुसतं खातं आणि कार्ड घेऊन परतलात तर अर्धंच काम झालं.

कयानी पुओलान्काहून दीड तासाच्या आत आहे, पण हिवाळ्यात तेवढंच अंतर अंगावर येतं. तिथली कामं साठवून एकाच दिवशी उरका: सकाळी नोंदणी, दुपारी बँक, परतताना मोठ्या दुकानातून महिन्याचं सामान.

नंतर घर बदललंत, अगदी त्याच गल्लीत, तरी आठवड्याच्या आत स्थलांतराची सूचना द्यायची. एकाच ऑनलाइन फॉर्मने ती नोंदणीला आणि पोस्टाला दोघांनाही जाते.

घर

पहिलं वर्ष भाड्यानेच राहा, हा माझा आग्रह आहे. कुन्ताची भाड्याची घरं गावाच्या मध्यावर असतात, बहुतेक एकमजली ओळघरं. भाड्यात पाणी आणि हीटिंग धरलंय का ते विचारा. अनामत तीन महिन्यांच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही. घरमालक गृहविमा मागतो, तो घ्या. फार महाग नसतो. विजेचा करार तुम्हाला स्वतःच्या नावाने करावा लागतो. बाजारभावाचा करार उन्हाळ्यात स्वस्त वाटतो, पण घर विजेवर तापत असेल तर कडाक्याच्या थंडीत तोच करार घाम फोडतो. पहिल्या हिवाळ्याला ठरीव दराचा घ्या.

विकत घ्यायचा मोह होणारच. काइनूत जुनं लाकडी घर, वर अंगण आणि सौना म्हणजे वाफेची खोली, पुण्यातल्या पार्किंगच्या किमतीत दिसतं. पण घर स्वस्त असण्याला कारणं असतात, आणि ती फोटोत दिसत नाहीत.

पहिलं म्हणजे परवानगी. युरोपीय संघ आणि युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरच्या नागरिकाला जमिनीसकट घर घ्यायचं असेल तर २०२० पासून फिनलंडच्या संरक्षण मंत्रालयाची परवानगी लागते. होय, संरक्षण मंत्रालयाची. सोसायटीतल्या फ्लॅटला किंवा ओळघराच्या शेअरला ती लागत नाही.

मग रस्ता. घर खाजगी रस्त्यावर असेल तर तो रस्ता कुन्ताचा नसतो, त्या रस्त्यावरच्या मालकांच्या मंडळाचा असतो. बर्फ काढणं, खडी टाकणं यांचा खर्च वाटून घेतात, आणि घराबरोबर तुमचा वाटाही तुमच्याकडे येतो. बर्फ कोण काढतं आणि वर्षाला किती पडतात, हे विकणाऱ्याला विचारा. वसंतात बर्फ वितळला की हे कच्चे रस्ते रबडी होतात आणि जड गाड्यांना बंद ठेवले जातात. लाकडाची गाडी, सांडपाण्याची टाकी उपसणारी गाडी, सगळं त्याआधी उरकून घ्यायचं असतं.

त्यापुढे पाणी विहिरीचं आहे की नळाचं, सांडपाण्याची टाकी आजच्या नियमांत बसते का, छत कोणत्या सालचं, चुलीचं धुराडं दरवर्षी साफ होतं का हे बघा. कायम राहत्या घरात वापरात असलेलं धुराडं दरवर्षी साफ करून घेणं बंधनकारक आहे. घराची तांत्रिक तपासणी न करता एक युरोही देऊ नका.

वीज जाण्याचाही विचार करा. काइनूच्या टेकड्यांवर झाडांवर बर्फाचे थरच्या थर चढतात, फांद्या वाकून तारांवर येतात. जानेवारी २०१८ मध्ये या भागात अशाच बर्फाने मोठ्या प्रमाणावर वीज घालवली होती. फिनलंडमध्ये प्रत्येक घराला निदान ७२ तास स्वतःच्या बळावर काढता येतील एवढी तयारी ठेवायला सांगतात: पाणी, न शिजवता खाता येईल असं अन्न, टॉर्च, बॅटरीवरचा रेडिओ, पॉवर बँक. लाकडावर तापणारी शेगडी असलेलं घर म्हणूनच मोलाचं.

गाडी आणि हिवाळा

पुओलान्काला रेल्वे नाही. सर्वात सोयीचं मोठं स्टेशन आणि विमानतळ दोन्ही कयानीला. बस आहेत, पण मोजक्या, आणि शाळेच्या वेळापत्रकावर चालणाऱ्या. शाळेला सुट्टी लागली की बसही सुट्टीवर. थोडक्यात, गाडी लागते. भारतीय लायसन्सवर काही काळ चालवता येतं, पण रहिवासी झाल्यावर त्याची मुदत सुरू होते. बदलून घेण्याच्या अटी ‘त्राफिकॉम’ या वाहतूक संस्थेकडे आल्या आल्याच तपासा. आणि हिवाळ्यापूर्वी स्थानिक ड्रायव्हिंग शिक्षकाबरोबर निसरड्या रस्त्यावरचे दोन-तीन धडे घ्याच. पुण्या-मुंबईत वीस वर्षं गाडी चालवली असेल तरी बर्फावर ती हातोटी उपयोगी पडत नाही. तिथे आपण ब्रेकवर जगतो. इथे अंतरावर.

हिवाळी टायर १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात हवामान आणि रस्ता तसा असेल तर बंधनकारक आहेत. काइनूत तो तसा असतोच, लोक ऑक्टोबरातच बदलतात. टायर बदलायच्या गॅरेजची वेळ सप्टेंबरात घ्या, कारण पहिल्या बर्फाच्या दिवशी सगळं गाव तिथे रांगेत असतं. नवख्याने खिळ्यांचे टायर घ्यावेत.

आता गाडी तापवण्याचं. हे कोणी नीट सांगत नाही, म्हणून थोडं सविस्तर. गाडी घेताना तिच्यात इंजिन हीटर आहे का ते बघा. पुढच्या बंपरजवळ एक झाकणवाला सॉकेट असतो. पार्किंगमध्ये प्रत्येक जागेला कमरेएवढा खांब असतो, त्याच्या कुलूपबंद झाकणाआड प्लग आणि छोटं गोल टायमर घड्याळ. रात्री केबल दोन्हीकडे जोडायची, सकाळी निघायची वेळ घड्याळावर लावायची, झाकण बंद करायचं. उणे ५ अंशाला अर्धा तास पुरतो, उणे २० च्या आसपास दोन तास, त्याहून खाली फार तर तीन. रात्रभर चालू ठेवलं तर इंजिन जास्त तापत नाही, फक्त बिल तापतं. गाडीच्या आतला छोटा हीटरही त्याच केबलवर चालतो, काचेवरचा बर्फ त्याने सुटतो. केबल खांबाला लोंबकळत ठेवून जायला बंदी आहे, कारण तिच्यात वीज असते आणि लहान मुलं हात लावतात. सुटी केबल गाडीत ठेवा. आणि केबल काढल्याशिवाय गाडी हलवू नका. हसू नका, दर हिवाळ्यात कोणी ना कोणी खांब ओढून नेतं.

रस्त्यावर खरा धोका मूस हरणाचा. पहाटे आणि संध्याकाळी, विशेषतः शरद ऋतूत, ते जंगलातून थेट रस्त्यावर येतं. पाय लांब असल्याने धडकेत त्याचं धूड काचेवर येतं. पुओलान्काचा उत्तरेकडचा भाग रेनडिअर पाळण्याच्या क्षेत्रात आहे, तिथे ते कळपाने रस्त्यात उभे राहतात आणि हॉर्नला भीक घालत नाहीत. धडक झाली तर ११२ ला फोन करावाच लागतो, जनावर पळून गेलं तरी. ११२ चं ॲप फोनवर ठेवा, ते तुमचं ठिकाण आपोआप पाठवतं. जंगलातल्या रस्त्यावर पत्ता सांगणं जमणार नाही.

पायी चालतानाही अंधारात अंगावर चमकणारं रिफ्लेक्टर असणं नियमाने अपेक्षित आहे. ते कोटाच्या दोन्ही बाजूंना, गुडघ्याच्या उंचीला लोंबवा. डिसेंबरच्या शेवटी इथे दिवस जेमतेम साडेतीन-पावणेचार तासांचा, म्हणजे शाळेत जातानाही अंधार आणि परततानाही. कपड्यांबद्दल एवढंच: भारतातून महागडं जॅकेट आणू नका. आतला लोकरीचा थर, मधला गरम थर आणि वरचा वारा अडवणारा, हे सगळं इथे सेकंड हँड दुकानात चांगलं मिळतं. बूट मात्र नवे घ्या, एक नंबर मोठे, आत जाड मोजा बसेल असे.

दुकान आणि स्वयंपाकघर

शाकाहारी माणूसही इथे उपाशी राहत नाही. बटाटे, गाजर, कोबी, फ्लॉवर, कांदे, गोठवलेला वाटाणा आणि पालक, मसूर डाळ, डब्यातले छोले गावच्या दुकानात असतात. मिरची, कोथिंबीर आणि आलं कधी असतात, कधी नसतात. तूरडाळ, पोहे, ज्वारीचं पीठ हे ओउलूच्या आशियाई दुकानांतून किंवा ऑनलाइन मागवायचं. पार्सल बहुतेक वेळा किराणा दुकानातल्याच कपाटात येतं, फोनवर कोड येतो.

दुधाचे कप्पे नीट बघा, तिथे आपली सोय आहे. ‘पीमॅ’ म्हणजे आंबवलेलं दूध. पाणी घालून घुसळलं की ताक, कढीलाही चालतं. ‘मैतोराह्का’ नावाचा पांढरा घट्ट दह्यासारखा पदार्थ डब्यात मिळतो. तो फडक्यात बांधून रात्रभर फ्रीजमध्ये टांगा, सकाळी चक्का तयार. त्यात साखर आणि वेलची. वेलची इथे गोड पावात घालतातच, म्हणून ती प्रत्येक दुकानात असते, मात्र भरड दळलेली. दाणे हवे असतील तर घरून आणा. दसऱ्याला याच श्रीखंडाची वाटी शेजाऱ्याला नेऊन दिलीत तर बदल्यात हमखास काहीतरी येतं. काइनूत ते बहुतेक वेळा ‘रॉन्त्तॉनेन’ असतं. राय नावाच्या धान्याच्या पिठाची वाटी, आत बटाटा आणि लिंगनबेरी या आंबट लाल फळाचं सारण. आधी विचित्र लागतं, नंतर आवडतं.

पेयांच्या रिकाम्या बाटल्या आणि डबे फेकू नका. डब्यामागे १५ सेंट, ०.३५ ते एक लिटरच्या प्लास्टिक बाटलीमागे २० आणि त्याहून मोठीमागे ४० सेंट परत मिळतात. दुकानातल्या यंत्रात टाकायच्या आणि चिठ्ठी बिलात वळती करायची.

दवाखाना आणि शाळा

आजारी पडल्यावर आधी फोन करायचा, थेट जाऊन बसायचं नाही. नर्स विचारपूस करून ठरवते. तातडीचं पण जिवावरचं नसेल तर ११६११७, जिवावर बेतलं तर ११२. डॉक्टर सर्दीतापाला अँटिबायोटिक देणार नाही, ‘विश्रांती घ्या’ म्हणेल. वाद घालून उपयोग नाही. नेहमीच्या गोळ्यांचा साठा दोन आठवडे आधी बघा. गावात एकच औषधांचं दुकान असतं, आणि नसलेलं औषध मागवायला एक-दोन दिवस जातात.

शाळा फुकट, वह्यापुस्तकंसुद्धा, आणि रोजचं गरम जेवण १९४८ पासून सगळ्यांना मोफत. शाकाहारी असल्याचं लिहून द्या. शाळा पाच किलोमीटरहून लांब असेल तर पोहोचवण्याची सोय कुन्ता करते. टॅक्सीतून शाळेत जाणारी पहिलीतली मुलं इथे रोजची गोष्ट आहे. मूल तीन-चार महिने गप्प बसलं तर घाबरू नका. नंतर ते तुमचं फिनिश सुधारायला लागतं.

माणसं

काम, कागद, गाडी झाली की खरा प्रश्न उरतो. बोलायचं कोणाशी? शेजारी स्वतःहून दार वाजवणार नाही. ते तुसडेपण नाही, तुम्हाला त्रास नको हा त्यांचा शिष्टाचार. म्हणून पहिलं पाऊल आपल्याला टाकावं लागतं.

सुरुवात लायब्ररीपासून करा. कार्ड फुकट, सगळ्या काइनू प्रांताची पुस्तकं मागवता येतात, आणि लायब्ररियनला गावातलं सगळं माहीत असतं. बऱ्याच लायब्ररींतून स्की, बर्फातले बूट असलं साहित्यही उसनं मिळतं. मग ‘कान्सालाइसोपिस्तो’ म्हणजे प्रौढांची शाळा बघा. थोड्या फीत फिनिश, विणकाम, लाकूडकाम, गाणं शिकवतात. माझं मत विचाराल तर भाषेच्या वर्गाइतकंच विणकामाच्या वर्गाने फिनिश सुधारतं. हात कामात असले की गप्प बसण्याचाही संकोच वाटत नाही, आणि बायका हळूहळू बोलायला लागतात. ‘मार्तात’ ही १८९९ मध्ये सुरू झालेली गृहिणींची संस्था बहुतेक गावांत आहे. स्वयंपाक, बाग, बेरी साठवणं शिकायला तीच उत्तम.

गावाची मंडळी मिळून काम काढतात, त्याला ‘ताल्कोओत’ म्हणतात. नदीकाठची स्वच्छता, शाळेची रंगरंगोटी, स्कीचा मार्ग साफ करणं. फलक किंवा गावाच्या फेसबुक ग्रुपवर तारीख येते. हातमोजे घालून वेळेवर जा. वेळेवर म्हणजे दहाला दहा. शेवटी कॉफी आणि सूप असतं. सहा महिने वर्गात बसून जी ओळख होत नाही, ती एका शनिवारी लाकडं उचलताना होते.

सौनाचं बोलावणं आलं तर तो मान आहे. पुरुष आणि बायका आळीपाळीने जातात, आत कपडे नसतात. संकोच वाटत असेल तर टॉवेल गुंडाळून बसलात तरी चालतं, किंवा ‘आज नको’ म्हटलं तरी कोणी वाईट मानत नाही. घरात शिरताना चपला-बूट बाहेर काढतात, ही एक गोष्ट आपल्याला शिकायला नको.

एका चुकीवर मात्र हे शांत लोकही आवाज चढवतात. बर्फात यंत्राने पाडलेल्या स्कीच्या चाकोरीवर चालत जाणं. सपाट, स्वच्छ रस्ता दिसतो, पाय वळतोच. जाऊ नका. कडेने पायवाट असते.

भारतात फोन करताना वेळ जमवावी लागते. हिवाळ्यात भारत साडेतीन तास पुढे, उन्हाळ्यात अडीच. संध्याकाळी सातला इथे जेवायला बसाल तेव्हा आईची झोपायची वेळ झालेली असते. रविवार सकाळ ठरवून टाका.

जंगल

पुओलान्का कुन्तात बहुतेक जंगलच आहे, आणि ते तुमच्यासाठी खुलं आहे. जमीन कोणाचीही असो, पायी किंवा स्कीवर फिरता येतं, बेरी आणि अळंबी गोळा करता येतात. साध्या गळाने आणि बर्फाला भोक पाडून मासे धरायला परवाना लागत नाही. बाकीच्या मासेमारीला शुल्क आहे. जंगली बेरी विकून आलेल्या पैशांवर वेचणाऱ्याला करही नाही. दुसऱ्याच्या अंगणात शिरणं, झाड तोडणं आणि जमीनमालकाच्या परवानगीशिवाय शेकोटी पेटवणं मात्र चालत नाही. वणव्याचा इशारा असेल तेव्हा तर परवानगी असली तरी नाही.

ब्लूबेरी जुलैअखेरपासून, लिंगनबेरी सप्टेंबरात. दलदलीतली पिवळी क्लाउडबेरी त्यांच्याही आधी. तिची जागा कोणाला विचारू नका. सख्ख्या भावालाही सांगत नाहीत. अळंबी मात्र जाणकाराबरोबर गेल्याशिवाय तोडू नका, विषारी जातीही इथेच उगवतात. ऑक्टोबरात मूसच्या शिकारीचा मोसम असतो, तेव्हा जंगलात भडक नारिंगी टोपी घाला. पहिल्या सहलीला हेपोकॉन्गॅस धबधब्यावर जा. २४ मीटर उंच आहे आणि वाट सोपी, मुलंही चालतात.

मतदान

कुन्तातली निवडणूक हा परक्या नागरिकांचाही अधिकार आहे. फिनलंडमध्ये सलग दोन वर्षं एखाद्या कुन्ताचे रहिवासी राहिलात की नागरिकत्व नसतानाही कुन्ता आणि प्रांताच्या निवडणुकीत मत देता येतं, आणि उभंही राहता येतं. मतदानाची सूचना घरी येते, वेगळी नावनोंदणी नाही. अडीच हजारांच्या गावात परिषदेवरचा माणूस काही डझन मतांवर निवडून येतो, तेव्हा उमेदवार तुमच्या दारात येऊन बोलण्याची शक्यता चांगली आहे.

मत नसतानाही एखादी मागणी मांडायची असेल, समजा बसची वेळ कामाच्या शिफ्टला जुळावी, तर कोणताही रहिवासी कुन्ताकडे लेखी प्रस्ताव देऊ शकतो. दोन टक्के रहिवाशांनी सही केली तर परिषदेला सहा महिन्यांत तो विषय घ्यावाच लागतो. पुओलान्कात दोन टक्के म्हणजे पन्नासच्याही आत सह्या. किराणा दुकानाच्या दारात एका शनिवारी उभं राहिलं तर तेवढ्या जमतात. मागची निवडणूक १३ एप्रिल २०२५ ला झाली, पुढची २०२९ च्या एप्रिलात आहे.